जावजी दादाजी आणि संदर्भग्रंथांचे मोल

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकारांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे ग्रंथ प्रत्यक्ष घडविणाऱ्यांना मिळालेले नाही. कवी, नाटककार, निबंधकार यांच्या चरित्रांची आपल्याकडे उणीव नाही. परंतु त्यांचे लेखन वाचकांच्या हाती ज्यांनी पोहोचविले त्या मुद्रकांचा उल्लेख बहुधा एखाद्या तळटीपेत उरकला जातो. ललित ग्रंथांच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य मानता येईल. कादंबरीत एखादी वेलांटी चुकली तर वाचक ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. संदर्भग्रंथांची गोष्ट निराळी आहे. कोश, पंचांग, शास्त्रग्रंथ किंवा सुभाषितसंग्रह उघडणारा मनुष्य खात्री करून घेण्यासाठीच तो उघडत असतो. तेथे ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील उकार उलटला, तर पुत्राचा सारथी होतो आणि तो तसाच पुढच्या लेखनात उतरतो. म्हणून संदर्भग्रंथाच्या बाबतीत मुद्रणाचा दर्जा हा ग्रंथाच्या प्रामाण्याचाच एक भाग ठरतो. त्याच वेळी असा ग्रंथ ज्याला सर्वाधिक हवा असतो तो विद्यार्थी, शिक्षक किंवा शास्त्री बहुधा बेताच्या मिळकतीचा असतो. शुद्धता वाढवावी तर किंमत चढते, किंमत उतरवावी तर शुद्धता ढळते, असा हा पेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पेचातून मार्ग काढणारे एक नाव म्हणजे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी. त्यांच्या चरित्राचा या एकाच दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. त्या वेळी मुंबईतील देवनागरी मुद्रण बाल्यावस्थेत होते. अमेरिकन मिशनने या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपला छापखाना सुरू केला होता. एतद्देशीयांपैकी गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढून नव्या विद्येत पाऊल टाकले होते आणि पुढे त्यांनी टाईपही तयार करविले. धर्मग्रंथ छापावेत की नाहीत याविषयी सनातनी मंडळींच्या मनात शंका होती. शाईत चरबी असते या समजुतीमुळे गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरल्याची जी हकीकत सांगितली जाते, ती या शंकेचीच निदर्शक आहे.

शिळाछाप स्वस्त होता. लेखकाने विशिष्ट शाईने कागदावर लिहावे, ते दगडावर उतरवावे आणि छापावे, एवढीच त्याची कृती. त्यात टाईपाचे भांडवल लागत नसे; पोथीचे परिचित वळणही टिकत असे. परंतु संदर्भग्रंथाच्या दृष्टीने त्यात दोन मोठे दोष होते. एक म्हणजे अक्षर लेखकाच्या हाताप्रमाणे बदलत जाई, शिवाय दगड झिजला की बारीक मात्रा आणि अनुस्वार पुसट होत. दुसरा दोष अधिक गंभीर होता. एकदा दगडावर उतरलेला मजकूर सुधारणे त्रासाचे असल्यामुळे मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासण्याची सोय त्यात फारशी नसे.

खिळ्यांच्या मुद्रणात ही सोय होती. मात्र देवनागरी लिपीच्या रचनेमुळे तेथे निराळीच अडचण उभी राही. अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार जोडून प्रत्येक रूपाचा स्वतंत्र खिळा पाडायचा म्हटले तर शेकडो खिळे लागत. यालाच ‘अखंड’ पद्धती म्हणत. अक्षराचा मधला भाग वेगळा आणि वरखालची चिन्हे वेगळी ओतून जुळणीच्या वेळी ती थरांनी एकत्र आणण्याची दुसरी युक्ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम यांनी काढली. तिला ‘डिग्री’ पद्धती असे नाव पडले. तिच्यामुळे खिळ्यांची संख्या घटली व टाईप लहान आकारात आणता आले. मात्र जुळारीचे काम नाजूक झाले. वरची मात्रा जरा सरकली की छापलेल्या ओळीत ती अक्षरापासून सुटलेली दिसे.

२. शिक्षण कारखान्यातले

जावजींचे कुटुंब गरीब व ब्राह्मणेतर होते. वडील लवकर निवर्तल्यामुळे शालेय शिक्षण नावापुरतेच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर टाईप घासण्याच्या कामास लागले. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडांना धातूचा फाजील अंश चिकटलेला असतो. तो घासून खिळा चौरस व इतरांच्या उंचीचा करावा लागतो. एक खिळा केसभर उंच राहिला तर छापताना तो कागदात रुततो, केसभर बुटका राहिला तर त्याचे अक्षर उमटतच नाही. ओतशाळेतील हे सर्वांत हलके मानलेले काम होते. परंतु छापील पानाची स्वच्छता शेवटी कशावर अवलंबून असते, याचा पहिला धडा या मुलाला याच कामातून मिळाला असला पाहिजे.

ज्या छापखान्यात ग्रॅहॅम यांची टाईपविद्या विकसित झाली, तेथेच जावजी घडले हा योगायोग महत्त्वाचा आहे. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल अशा मुंबईतील छापखान्यांतून त्यांनी काम केले. इंग्रजी वृत्तपत्राचा कारखाना, सुधारकांच्या मराठी पत्राचा छापखाना आणि व्यापारी छापखाना अशा तीन प्रकारच्या व्यवहारांचा अनुभव त्यांच्या गाठी पडला. ते संस्कृतज्ञ नव्हते किंवा ग्रंथकारही नव्हते. छापील पानाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी ही ते पान घडविणाऱ्या कारागिराची होती.

३. ओतशाळा आधी, छापखाना नंतर

जावजींनी स्वतःची टाईप ओतशाळा १८६४ साली काढली आणि छापखाना त्यानंतर पाच वर्षांनी, १८६९ साली. हा क्रम त्यांच्या पुढील सर्व यशाची किल्ली आहे असे म्हणावे लागेल. सामान्यतः छापखानदार प्रथम यंत्र विकत घेतो, मग इतरांच्या ओतशाळेतून टाईप मागवितो. टाईप महाग असल्याने तो झिजला तरी वापरत राहतो आणि छपाई दिवसेंदिवस पुसट होत जाते. जावजींच्या बाबतीत हे उलट घडले. टाईप विकणे हाच त्यांचा पहिला व्यवसाय होता आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरण्यात निष्णात सहकारी त्यांना लाभला होता.

ओतशाळा हाताशी असण्याचा अर्थ तपशिलाने पाहण्यासारखा आहे. पोलादाच्या सळईच्या टोकावर अक्षराचा ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून हवे तेवढे खिळे पाडायचे, अशी ही प्रक्रिया आहे. यांपैकी खरा खर्च व कौशल्य पहिल्या पायरीत असते. ठसा एकदा उत्तम उतरला की पुढचे खिळे धातूच्या व मजुरीच्या किमतीत मिळतात. झिजलेले खिळे पुन्हा वितळविता येतात. ज्याच्या घरी ओतशाळा आहे त्याला ताजा टाईप वापरणे परवडते, कारण जुन्या टाईपाचा धातू वाया जात नाही. त्यामुळे जी स्वच्छ छपाई इतरांना चैन वाटे, ती जावजींना घरखर्चात बसत होती.

कालही लक्षात घेण्यासारखा आहे. १८६४ साल हे मुंबईत कापसाच्या पैशाने आलेल्या तेजीचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला होता, शेअरांचा सट्टा शिगेस पोहोचला होता आणि पुढच्याच वर्षी सारा डोलारा कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीत जावजींची लहानशी ओतशाळा टिकून राहिली.

४. पंचांगाची शिस्त

छापखान्याचे ‘निर्णयसागर’ हे नाव तेथून निघणाऱ्या पंचांगाशी जोडलेले आहे. पंचांग हा आपल्या समाजातील सर्वांत जुना व सर्वांत अधिक खपणारा संदर्भग्रंथ होय. संदर्भग्रंथाच्या मुद्रकाची पुरी परीक्षा त्यात होते. पंचांगात गद्य थोडे, आकडे व कोष्टके फार. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांच्या घटी-पळांचे आकडे अरुंद रकान्यांतून बसवायचे असतात. वाक्यातील चूक संदर्भावरून ओळखता येते. आकड्याची चूक ओळखता येत नाही. एका आकड्याच्या फरकाने एखाद्या गावाची एकादशी चुकेल. शिवाय पंचांग वर्ष सरले की निरुपयोगी होते, म्हणून ते स्वस्तच असावे लागते. वर्षप्रतिपदेपूर्वी घरोघर पोहोचायचे असल्याने वेळेवरही निघावे लागते. अचूकपणा, अल्पमोल आणि वक्तशीरपणा या तीन अटी एकदम पाळण्याची सवय निर्णयसागरला लागली ती या प्रकाशनामुळे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. पुढे कोश आणि शास्त्रग्रंथ काढताना याच शिस्तीचा त्यांना उपयोग झाला.

१८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक या छापखान्यातून निघू लागले. पंचांगाच्या कोष्टकात बसणारा बारीक आकडा आणि मुलाला वाचता येईल असे ठसठशीत अक्षर ही दोन्ही टोके एकाच ओतशाळेतून पुरविली जात होती.

५. काव्यमाला आणि कोश

जावजींच्या कार्याचा कळस म्हणजे १८८६ साली सुरू झालेली ‘काव्यमाला’. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखाली अप्रकाशित किंवा दुर्मिळ संस्कृत ग्रंथ मासिक रूपाने प्रसिद्ध करण्याची ही योजना होती. लहान काव्ये ‘गुच्छकां’त एकत्र येत, मोठे ग्रंथ स्वतंत्र निघत. जगन्नाथ पंडिताचा ‘रसगंगाधर’ १८८८ मध्ये, तर आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’, पहिल्या तीन उद्द्योतांवरील अभिनवगुप्ताच्या ‘लोचन’ टीकेसह, १८९१ मध्ये या मालेत छापला गेला. आज मराठी साहित्यशास्त्राचा अभ्यासक रस आणि ध्वनी यांविषयी जे काही लिहितो, त्याच्या पायाशी ही दोन मुद्रिते आहेत.

खास संदर्भग्रंथ म्हणता येतील अशांमध्ये ‘अभिधानसंग्रह’ प्रथम सांगितला पाहिजे. १८८९ पासून निघालेल्या या संग्रहात अमरकोश आणि त्याच्या जोडीचे संस्कृत कोश एकत्र छापले गेले. परबांनी संकलित केलेल्या ‘सुभाषितरत्नभांडागारा’चा विस्तार पुढील आवृत्त्यांतून दहा हजारांहून अधिक श्लोकांपर्यंत गेला. विषयवार मांडणीमुळे कीर्तनकार, शिक्षक आणि निबंधलेखक या सर्वांचा तो हातचा ग्रंथ झाला. मराठीच्या बाजूने वामन दाजी ओक यांच्या संपादनाखालील ‘काव्यसंग्रहा’तून जुन्या मराठी कवींच्या रचना अभ्यासकांना उपलब्ध झाल्या.

या ग्रंथांचे पान उघडून पाहिले असता मोल कसे साधले गेले ते स्पष्ट होते. मूळ श्लोक मोठ्या टाईपात, त्याखाली टीका लहान टाईपात, आणि सर्वांत खाली क, ख, ग अशा अक्षरांनी दर्शविलेल्या हस्तलिखितांचे पाठभेद त्याहून बारीक अक्षरात. एका दृष्टिक्षेपात मूळ, टीका व पाठ वेगळे ओळखता येतात. टाईप लहान असूनही वाचता येतो, म्हणून एका फर्म्यात अधिक मजकूर बसतो आणि कागद वाचतो. प्रती वाढल्या की जुळणीचा खर्च विभागला जातो. कागदाचा खर्च मात्र प्रत्येक प्रतीमागे तेवढाच राहतो. कागद वाचविणे हाच म्हणून किंमत उतरविण्याचा खरा उपाय होता, आणि तो केवळ चांगला बारीक टाईप असेल तरच साधत होता. निकृष्ट टाईप घेणाऱ्याला अक्षर मोठे ठेवावे लागते, पाने वाढतात, आणि टाईपात वाचविलेला पैसा कागदात जातो. अक्षराचा दर्जा आणि ग्रंथाची स्वस्ताई यांचे मूळ निर्णयसागरच्या बाबतीत एकच होते, ते असे.

दुसरा खर्च मुद्रितशोधनाचा. येथे जावजींनी काटकसर केली नाही. स्वतः संस्कृत न जाणणाऱ्या या कारागिराने शास्त्री-पंडितांना छापखान्याशी जोडून घेतले. परब आणि पुढील काळात वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारखे विद्वान तेथे ग्रंथशोधनाचे काम करीत राहिले. ज्याला आपल्या ज्ञानाची मर्यादा ठाऊक आहे तोच दुसऱ्याच्या ज्ञानासाठी पैसे मोजतो. मुखपृष्ठावर संशोधक पंडितांची नावे, १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याचा उल्लेख आणि तळाशी स्पष्ट छापलेली किंमत, असा या ग्रंथांचा थाट असे. किंमत उघडपणे छापणे हाही ग्राहकाशी केलेला एक करारच होता.

याच काळातील इतर उपक्रमांशी तुलना केल्यास जावजींचे वेगळेपण उठून दिसते. १८६८ पासून निघणाऱ्या ‘बाँबे संस्कृत सिरीज’ला सरकारी शिक्षणखात्याचा आधार होता. पुण्याच्या आनंदाश्रमाच्या ग्रंथावलीमागे महादेव चिमणाजी आपटे यांचे दातृत्व होते. निर्णयसागर हे मात्र दुकान होते. पुस्तक खपले नाही तर नुकसान मालकाचे. काव्यमालेसारखी माला विक्रीच्या भरवशावर चालविणे हे एका परीने धाडस होते. विद्यापीठातील संस्कृतचा वाढता अभ्यास आणि टपालखात्याचा विस्तार यांमुळे तिला वाचकवर्ग मिळाला हे खरे. पण तो वर्ग हेरून त्याच्या खिशाला परवडेल अशा रूपात ग्रंथ देण्याचे श्रेय जावजींकडेच जाते.

६. मर्यादा

गौरवाच्या भरात मर्यादांकडे दुर्लक्ष होऊ नये. पहिली मर्यादा संहितेची आहे. स्वच्छ मुद्रण म्हणजे शुद्ध पाठ नव्हे. भरताचे ‘नाट्यशास्त्र’ काव्यमालेत १८९४ साली, जावजींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, आले. दोनच हस्तलिखितांवर आधारलेल्या या आवृत्तीत अनेक स्थळे संदिग्ध राहिली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत अभिनवगुप्ताच्या टीकेसह त्याचा पहिला खंड १९२६ साली निघाला, तेव्हा अभ्यासकांना कितीतरी ठिकाणी पुनर्विचार करावा लागला. सुंदर छापलेल्या पानाविषयी वाचकाच्या मनात जो विश्वास उत्पन्न होतो, तो कधी कधी पाठाने कमावलेला नसतो. निर्णयसागरची प्रत प्रमाण मानण्याची सवय जडल्यामुळे काही चुकीचे पाठही प्रमाण होऊन बसले. मुद्रणाच्या दर्जाचा हा धोका त्याच्या गुणातूनच निर्माण होतो.

दुसरी मर्यादा कागदाची. खर्चाची मर्यादा सांभाळून निवडलेला कागद काळाच्या ओघात पिवळा व ठिसूळ झाला आहे. जुन्या ग्रंथालयांतील अनेक प्रतींची पाने आज हाताळताना तुटतात. तिसरी मर्यादा दाटीची. टीकेची बारीक अक्षरे सलग परिच्छेदांत भरल्यामुळे हवे ते स्थळ शोधणे कष्टाचे होते. पण वाचकाच्या परवडीचा विचार करता यांपैकी कोणता दोष टाळणे जावजींना शक्य होते, याचे उत्तर देणे सोपे नाही. अधिक टिकाऊ कागदावर, अधिक मोकळ्या मांडणीने छापलेला ‘रसगंगाधर’ किती विद्यार्थ्यांनी विकत घेतला असता, हा प्रश्न त्या उत्तराआधी विचारावा लागेल.

७. मृत्यू व वारसा

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्नच्या आत-बाहेर होते. त्यांच्यानंतर पुत्र तुकाराम जावजी आणि पुढे पांडुरंग जावजी व सत्यभामाबाई पांडुरंग यांच्या नावाने छापखान्याची पुस्तके निघत राहिली. मुंबईच्या कोलभाट गल्लीचा पत्ता असलेले मुखपृष्ठ भारतभर आणि भारताबाहेरही संस्कृत अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. ग्रंथाच्या नावापुढे निर्णयसागरचा निर्देश केला की आवृत्ती निश्चित होई. देवनागरी अक्षराचे मुंबईचे वळण सर्वमान्य होण्यातही या ओतशाळेच्या टाईपांचा वाटा मोठा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ग्रंथांच्या छायामुद्रित आवृत्त्या दिल्ली-वाराणसीच्या प्रकाशकांनी काढल्या. आता त्यांची पाने संगणकावरही पाहता येतात. ग्रंथ पुन्हा उपलब्ध झाले ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु छायामुद्रणात मूळची बारीक अक्षरे आणखी बारीक होतात, तळाचे पाठभेद शाईने भरून जातात आणि अनुस्वार कुठे कागदावरचा ठिपका आहे व कुठे खरा आहे हे कळेनासे होते. मूळ मुद्रकाने ज्या ठिकाणी सर्वाधिक श्रम घेतले होते, नेमके तेच ठिकाण नक्कल करताना प्रथम नष्ट होते. अशा प्रतीची किंमत कितीही कमी असली तरी संदर्भग्रंथ म्हणून ती महागच पडते, कारण तिच्यावर विसंबता येत नाही आणि मूळ प्रत शोधण्याचे श्रम चुकत नाहीत.

जावजी दादाजींच्या चरित्रातून निघणारा निष्कर्ष या अनुभवाशी जुळणारा आहे. संदर्भग्रंथाची किंमत त्याच्या मुखपृष्ठावर छापलेली असते. त्याचे मोल तो किती वेळा आणि किती निर्धास्तपणे उघडता येतो यावर ठरते. टाईप घासण्यापासून सुरुवात केलेल्या या मुद्रकाने काटकसर कागदात केली. ठसा, खिळा आणि शोधक पंडित यांत केली नाही. कोठे खर्च करावा आणि कोठे करू नये, हा विवेक त्याला ग्रंथांतून मिळाला नव्हता, तो कामातून मिळाला होता. आपल्या वाङ्मयेतिहासात ‘काव्यमाला’ व ‘काव्यसंग्रह’ यांचा उल्लेख संपादकांच्या नावाने होतो, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या शेजारी जावजींचे नाव आले पाहिजे. ज्या अक्षरांवर आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या साहित्यविचाराची उभारणी झाली, ती अक्षरे त्यांच्या ओतशाळेत पाडली गेली होती.